शेवटची कधी घेतली?

परवा एका ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, दारू सोडायला औषध लागत नाही, इच्छा लागते, मनात आणलं की माणूस एका दिवसात सोडतो. खाली धडाधड लाइक आणि "अगदी बरोबर दादा". मी तिथं काही लिहिलं नाही पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून इथं लिहिते. जरा मोठं होईल.

माझे धाकटे मामा. तासगावकडं द्राक्षाची बाग, माणूस सोन्यासारखा, आणि रोज दोन क्वार्टर. रोज म्हणजे रोज, पंधरा वर्षं. आजी रडली, मामीनं माहेर गाठलं, शेवटी एका आषाढीला सगळ्यांनी मिळून मामांना माळ घालायला लावली. दशमीला रात्री शेवटची घेतली आणि एकादशीला सकाळी अंघोळ करून गळ्यात तुळशीची माळ. घरात दिवाळी नुसती. मामी परत आली, साबुदाण्याची खिचडी, कुणी पेढे आणले.

त्या दिवशी मामांच्या हातातली चहाची कपबशी खुळखुळत होती, आम्ही म्हटलं उपास आहे. बारशीला सकाळी आकडी आली. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली (हो, आमच्या घरात दोन ग्रॅज्युएट होते तेव्हा, त्यातली एक मी, बीएस्सी). गावातल्या एका दवाखान्यात ग्लुकोजची बाटली चढवून घरी आणलं. आणि तेरशीच्या रात्री मामा गोधडीवरनं मुंग्या झाडायला लागले. मुंग्या नव्हत्याच. घामानं बनियन चिंब, डोळे तारवटलेले, दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांना हाका मारून सांगतायत की बागेत कोण शिरलंय बघा. मग काय, बाहेरचं आहे, माळ सोसत नाही त्याला, देवऋषी आणला. अंगारा लावला. त्यात अख्खी रात्र गेली.

सकाळी तालुक्याला नेलं. तिथली डॉक्टर पोरगीच होती, माझ्याच वयाची. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, शेवटची कधी घेतली? आणि आजी छाती पुढं काढून म्हणाली, नाही हो बाई, माळ घातलीया, चार दिवसांत थेंब नाही. ती डॉक्टर लिहायची थांबली. रोज किती घेत होते, एकदम बंद कुणी करायला लावली? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडं.

मग तिनं जे समजावलं ते मला कुठल्या शाळा-कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या ओझ्याविरुद्ध सतत जोर लावत असतो, चढाला गाडी ओढणाऱ्या बैलासारखा. मध्येच जोत तुटलं तर बैल तोंडावर आपटतो, तसं होतं. पहिल्या दिवसातच थरथर सुरू होते, दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, घाम, छातीत धडधड. यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस जातो. दारू सोडल्यामुळं जातो! त्यासाठी गोळ्या असतात, पाच-सात दिवस डॉक्टरच्या नजरेखाली कमी कमी करत द्यायच्या. आणि ती ग्लुकोजची बाटली, तिच्याआधी बी-वन या व्हिटॅमिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं, नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

लॉकडाउन आठवतो ना? मार्च 2020 ला दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली आणि मे महिन्यात उघडल्यावर ज्या रांगा लागल्या त्यांचे फोटो टाकून आपण किती हसलो. मी नाही हसले. केरळ सरकारनं तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता, डॉक्टरांनीच विरोध केला, हायकोर्टानं स्थगिती दिली. आदेश चुकीचाच होता, पण एकदम बंद झाल्यावर माणसाचं काय होतं हा प्रश्न तरी कुणाला पडला. आपल्याकडं वर्धा 1975 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून, चंद्रपूरची बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली, आणि आपण बंदी हवी का नको यावर घसा बसेपर्यंत भांडतो. घरातल्या पिणाऱ्याचं उद्या काय करायचं ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

साधा हिशोब पण ठाऊक नसतो. माझा मामेभाऊ, त्याच मामांचा मुलगा, म्हणतो मी दारू पीत नाही, फक्त बियर. स्ट्राँग बियरची 650 मिलीची बाटली, 8 टक्के, म्हणजे आत 40 ग्रॅमच्या वर अल्कोहोल. साठ मिलीच्या दोन पेग व्हिस्कीत तेवढंच असतं. त्याला कागदावर करून दाखवलं तर म्हणे, पण बियर थंड असते. आता बोला. आणि लिव्हर तासाला जेमतेम 7 ते 10 ग्रॅम निपटवतं, लिंबूपाणी प्या नाहीतर विहिरीत उडी मारा, त्याचा स्पीड तोच. दोन क्वार्टरच्या 120 ग्रॅममधलं थोडंफार सकाळी ट्रॅक्टरवर बसताना अंगात असणारच.

अजून एक, ते "त्यांच्या नकळत भाजीत मिसळा" वालं औषध. मामीनं आणलं होतं एकदा, पुडीवर नाव नाही काही नाही. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम नावाचं औषध असतं, त्यावर दारू पोटात गेली की चेहरा लालबुंद, उलट्या, बीपी खाली, आणि लिव्हर-हार्ट आधीच खराब असेल तर खेळ खलास. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला सांगून, तपासण्या करून द्यायचं.

मामा वाचले. सरळ सुटली असं नाही, दोनदा परत सुरू झाली, मग पुण्यात ॲडमिट केलं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे आणि आमच्या घरात कुणाला नाव माहीत नव्हतं. 2019 च्या सरकारी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच कसलीतरी ट्रीटमेंट मिळाली होती, बाकी 37 जण आमच्यासारख्यांच्या घरी. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन नंबर आहे, फुकट लागतो.

गेल्या आठवड्यात मामीचा फोन होता. शेजारच्या पोराला घरच्यांनी देवासमोर शपथ घ्यायला लावली, नारळ वाढवला, तर ही भिंतीवरनं त्याच्या आईला विचारून आली, अगं किती घेत होता रोज आणि शेवटची कधी घेतली? ती बाई म्हणाली, चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुम्हाला. मामी संध्याकाळी पुन्हा तिच्याकडं गेली.