क्वात्रो महान होती, पण त्या मजकुरात लिहिलंय तशी नाही

रॅलीच्या गाड्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे येतो: ‘ऑडी क्वात्रो ही जगातली पहिली फोर-व्हील-ड्राइव्ह रॅली कार. ती आली आणि बाकीच्या गाड्या रातोरात मोडीत निघाल्या. कोणालाच हरवता येईना, म्हणून शेवटी तिच्यावर बंदी घातली.’ क्वात्रो मलाही मनापासून आवडते, म्हणूनच हे खोडून काढायला हवं.

पहिली ती नव्हे. अमेरिकेतली ‘प्रेस ऑन रिगार्डलेस’ रॅली 1972 सालीच एका फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या गाडीने जिंकली होती, जीप वॅगोनिअरने. 1980 च्या सफारी रॅलीत सुबारू लिओने धावली, तीही क्वात्रो जागतिक स्पर्धेत उतरण्याआधी.

ऑडीचं श्रेय दुसरीकडे आहे. फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेताना ऑडीचे अभियंते योर्ग बेन्सिंगर यांना दिसलं, की फोक्सवॅगनची जेमतेम 75 हॉर्सपॉवरची इल्टिस ही लष्करी गाडी जास्त ताकदीच्या ऑडींना मागे टाकतेय. ऑडीचे तांत्रिक प्रमुख फर्डिनांड पिएश यांनी कल्पना उचलून धरली. अडचण होती ट्रान्सफर केसची, म्हणजे ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याची. तो वेगळा अवजड डबा आणि त्याचा जादा शाफ्ट चपळ गाडीत बसवायचा कुठे? त्यावर गिअरबॉक्समधला एक शाफ्ट पोकळ केला, सुमारे 26 सेंटिमीटर लांबीचा. ताकद त्या शाफ्टमधून मागे सेंटर डिफरन्शियलपर्यंत, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअर्सपर्यंत जाते. तिथून निम्मी मागच्या चाकांना, आणि उरलेली निम्मी त्याच पोकळीतून जाणाऱ्या दुसऱ्या शाफ्टने उलट पुढच्या चाकांकडे. जास्तीचा डबाच नको! ‘पहिली’ हा शिक्का मारताना हा पोकळ शाफ्ट विसरला जातो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता ‘रातोरात’चं बघू. 1981 मध्ये क्वात्रोतून हानू मिकोलाने स्वीडनची रॅली जिंकली, मिशेल मूतोंने इटलीतली सानरेमो जिंकून जागतिक रॅली जिंकणारी पहिली स्त्री होण्याचा मान मिळवला. बर्फावर आणि खडीच्या रस्त्यांवर गाडीचा दरारा होताच. पण 1982 चा ड्रायव्हर्सचा किताब गेला वॉल्टर रोलकडे, मागच्या चाकांवर चालणाऱ्या ओपेल आस्कोनातून. मूतोंने त्या वर्षी पोर्तुगाल, अक्रॉपोलिस आणि ब्राझील जिंकून त्याला शेवटपर्यंत झुंजवलं. आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिला वडील गेल्याचं कळलं, तरी ती गाडीत बसली. तिथेच गाडीने त्रास दिला, मग अपघात झाला आणि किताबही हुकला.

1983 तर या दाव्याला सरळ आडवं येतं. मिकोला विश्वविजेता झाला, पण उत्पादकांचा किताब लान्सियाने 118 विरुद्ध 116 गुणांनी नेला. लान्सियाची 037 हलकी, इंजिन मधोमध, सुपरचार्जरची आणि फक्त मागची चाकं फिरवणारी. लान्सिया आणि ऑडी दोघींनी पाच-पाच रॅली जिंकल्या. 037 ला डांबरी रस्ता मानवायचा, हे खरं. पण अक्रॉपोलिस आणि न्यूझीलंड या खडीच्या रॅलीही तिने मारल्या. कॉर्सिका या फ्रेंच बेटाच्या वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यांवर तर 1981 ते 1985 सलग पाच वर्षं टू-व्हील-ड्राइव्हच जिंकली. क्वात्रोला ते बेट कधीच सर झालं नाही. कारण उघड आहे: पाच सिलिंडरचं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे, त्यामुळे नाक जड आणि गाडी वळायला नाखूश. यावर उपाय म्हणून ऑडीने व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, तब्बल 32 सेंटिमीटरने छाटून स्पोर्ट क्वात्रो काढली. इंजिन मात्र जागचं हललं नाही.

‘कोणालाच हरवता येईना’ हे तर 1984 नंतर उलटंच होतं. त्या वर्षी स्टिग ब्लॉमक्विस्ट आणि ऑडी दोघंही विजेते ठरले, पण त्याच हंगामात मधोमध इंजिन असलेली फोर-व्हील-ड्राइव्ह प्यूजो 205 टी16 आली. 1985 चे दोन्ही किताब प्यूजोचे. क्वात्रोची पंखवाली सुप्रसिद्ध आवृत्ती एस1 ई2 फक्त एक जागतिक रॅली जिंकली, 1985 ची सानरेमो.

आणि बंदी क्वात्रोवर नव्हती, फोर-व्हील-ड्राइव्हवरही नव्हती. मार्च 1986 मध्ये पोर्तुगालला फोर्ड आरएस200 गर्दीत घुसून प्रेक्षक मेले, त्यानंतर ऑडीने आपणहून अंग काढून घेतलं. 2 मे रोजी कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन आणि सर्जिओ क्रेस्टो लान्सिया डेल्टा एस4 मध्ये जळून गेले, आणि पुढच्या हंगामापासून ग्रुप बी, म्हणजे या सगळ्या अतिताकदवान रॅली गाड्यांचा अख्खा वर्गच बंद झाला. या जिवांची किंमत ‘हरवता येईना म्हणून’ या तीन शब्दांत दडपणं मला मान्य नाही. 1987 मध्ये ग्रुप ए च्या, म्हणजे बाजारातल्या गाडीच्या जास्त जवळच्या वर्गातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह लान्सिया डेल्टाने किताब घेतला, आणि क्वात्रोला कधीच न मिळालेली सफारी ऑडीच्याच फोर-व्हील-ड्राइव्ह 200 ने जिंकली: मिकोला पहिला, रोल दुसरा.