खुलासा : व्हेलॉसिटीवरून टीमची तुलना

‘सगळ्या टीमचे स्टोरी पॉइंट एका तक्त्यात मांडा, कोणती टीम जास्त काम करते ते लगेच कळतं, स्क्रमचा नियमच आहे तसा,’ असा मेसेज सॉफ्टवेअर टीममध्ये फिरतोय. (स्क्रम म्हणजे ठरावीक मुदतीच्या छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, काम करायची पद्धत. स्टोरी पॉइंट म्हणजे काम किती मोठं आहे याचा टीमने स्वतः बांधलेला अंदाज; एका स्प्रिंटमध्ये टीम जितके पॉइंट पूर्ण करते ती तिची व्हेलॉसिटी.) असा नियम नाही. स्क्रमचे नियम सांगणाऱ्या अधिकृत पुस्तिकेत, म्हणजे २०२०च्या स्क्रम गाइडमध्ये, स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्दच नाहीत.

गैरसमज बहुधा ‘सेफ’ (SAFe) या मोठ्या संस्थांसाठीच्या पद्धतीतून आला असावा. नव्या टीमने पहिला अंदाज बांधण्यासाठी तिथे एक युक्ती सुचवली होती: दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला प्रत्येक डेव्हलपर आणि टेस्टरमागे ८ पॉइंट धरा, रजेच्या दर दिवसाला एक वजा करा. सगळ्यांची सुरुवात एकाच मापाने झाली की आकडे तुलनेचे वाटतात, पण ती फक्त सुरुवातीची सोय.

एका टीमचं ५ पॉइंटचं काम दुसरीकडे १३चं असू शकतं, आणि दोघांचंही बरोबर. तक्ता वरिष्ठांकडे जाऊ लागला की ३ पॉइंटची स्टोरी (कामाचा एक छोटा तुकडा) गुपचूप ५ची होते. आकडा फुगतो, रिलीज जिथल्या तिथे. शिवाय दुसऱ्या टीमला मदत करणं तोट्याचं ठरतं, आणि मोठ्या संस्थेत काम अडतं ते बऱ्याचदा अशी मदत न मिळाल्यानेच.

व्हेलॉसिटी त्याच टीमच्या पुढच्या स्प्रिंटच्या नियोजनापुरती वापरा. संस्थेच्या पातळीवर, काम हाती घेतल्यापासून वापरकर्त्यापर्यंत पोचायला लागलेले दिवस मोजा. मंजुरीसाठी पडून राहिलेले दिवस वेगळे लिहा.