स्कॅन नॉर्मल आला, तरी मैदानात नको

गोव्यातल्या क्रीडाचर्चा इथे इंग्लंडमध्येही रोज कानावर येतात. मैदानं कधी दुरुस्त होणार, २०२३च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी केलेल्या सोयी गावच्या पोरांना कधी मिळणार, मोठ्या क्लबांत स्थानिक मुलं किती. प्रश्न सगळे खरे आहेत. पण डोक्याला बसलेल्या मुक्या माराबद्दल क्वचितच काही ऐकू येतं, आणि सरकारला सगळ्यात कमी पैशांत काही करता येईल ते नेमकं तिथेच.

भाताची कापणी झाली की शेतात फुटबॉलचे गोलपोस्ट उभे राहतात. कॉर्नर येतो, दोघं एकदम उडी घेतात, एकाचं कपाळ दुसऱ्याच्या कानशिलावर आदळतं. पोरगा खाली बसतो. कुणी डोक्यावर पाणी ओततं, कुणी बर्फ लावतं, "काय नाय झालं, ऊठ" म्हणतं, आणि दोन मिनिटांत तो परत धावायला लागतो. रक्त नाही, टेंगूळ नाही, शुद्धही गेलेली नाही. तरी हे कन्कशन, म्हणजे मेंदूची दुखापत, असू शकतं. बहुतेक वेळा कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. कवटीच्या आत मेंदू हिसका खातो आणि त्याच्या पेशींचं काम काही दिवस विस्कटतं. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला हिसका थांबवत नाही.

त्या काही दिवसांत दुसरा मार बसला तर कोवळ्या वयात मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असं क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जिवावरच बेततं. २०११ साली उत्तर आयर्लंडमधल्या कॅरिकफर्गसमध्ये बेन रॉबिन्सन हा १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात मार खाऊनही खेळत राहिला आणि गेला. २०१३ मध्ये कॅनडातल्या ओटावाची १७ वर्षांची रोवन स्ट्रिंगर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा मार बसून गेली. दोघांनाही वेळीच मैदानाबाहेर बसवलं असतं, तर पुढचा मार बसलाच नसता.

रोवनच्या नावाने ऑन्टारिओ प्रांताने २०१८ मध्ये कायदा केला. २६ वर्षांखालच्या खेळाडूने दरवर्षी कन्कशनची माहिती वाचल्याचं कळवायचं, अठराच्या आतला असेल तर पालकांनीही. मार लागल्यावर खेळाडूला बाहेर काढणं आणि परत घेणं कुणाच्या हाती, ती माणसं संस्थेने आधीच नेमून ठेवायची. ब्रिटनमध्ये मात्र कायदा नाही. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने हौशी खेळासाठी देशभर एकसारख्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचं सार असं: शंका आली की बसवा, त्या दिवशी परत नाही. २४ तासांत आरोग्यसेवेचा सल्ला घ्या. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मोबाइल-टीव्ही अगदी कमी. मग आधी शाळा किंवा काम, नंतर हलका व्यायाम. डोक्याला मार बसू शकेल असा सराव लक्षणांशिवाय १४ दिवस गेल्यावरच, आणि सामना २१व्या दिवसाआधी नाही. सूचना उत्तम आहेत, पण पाळल्या नाहीत तर विचारणारं कुणी नाही. रविवारच्या सामन्याला प्रशिक्षकही स्वयंसेवक, रेफरीही स्वयंसेवक. ज्याने वाचलं तो पाळतो. गोव्याने घ्यायचंच असेल तर मजकूर ब्रिटनचा घ्यावा आणि सक्ती ऑन्टारिओची.

त्यासाठी विधानसभेत कायदा होईपर्यंत थांबायला नको. शालेय स्पर्धा क्रीडा खातं भरवतं, अनुदान सरकार देतं, सरकारी मैदानं क्रीडा प्राधिकरण देतं, गावातल्या स्पर्धेला पंचायतीची परवानगी लागते. या चारही ठिकाणच्या अर्जात एक अट घालता येते: प्रत्येक सामन्याला एक नेमलेला माणूस, जो दोन्ही संघांपैकी कुणाचा प्रशिक्षक नाही आणि ज्याचा "बाहेर" हा शब्द अखेरचा. त्याने खेळाडूला साधे प्रश्न विचारायचे. आपण कुठल्या मैदानावर आहोत? कितवा हाफ चालू आहे? शेवटचा गोल कुणी केला? मागची मॅच कुणाशी झाली? उत्तर चुकलं, अडखळलं, तोल गेला, उजेड सहन होईना, तर खेळ संपला. सगळी उत्तरं बरोबर आली तरी डोकं दुखतंय किंवा गरगरतंय म्हणाला, तरी तेच. वारंवार उलटी, मान दुखणं, झटके, दोन-दोन दिसणं, हातापायाला मुंग्या, वाढत जाणारी डोकेदुखी, यांतलं एक जरी दिसलं तर १०८ बोलवा. मान हलवू नका, उचलून बाकावर नेऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो स्कॅनचा. सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला, म्हणजे पोरगा शनिवारी खेळायला मोकळा, असं घरचे धरून चालतात. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि मोडलेलं हाड शोधण्यासाठी असतो. कन्कशन त्यात दिसत नाही. म्हणून परत खेळायची परवानगी लक्षणं आणि दिवस मोजून द्यायची असते. शाळेने मागायचा दाखलाही त्याच नमुन्याचा हवा: मार कधी लागला, लक्षणं कधी गेली, कुठल्या तारखेपासून सराव, कुठल्या तारखेपासून सामना. नुसतं "फिट" लिहिलेली चिठ्ठी नको.

मुलं मार लपवतात हेही धरून चालायला हवं. राखीव खेळाडू संपले असतील तर बाहेर बसणं म्हणजे संघ एकाने कमी. फुटबॉलच्या नियमांत २०२४-२५ पासून स्पर्धांना कन्कशनसाठी वेगळा, कायमचा (म्हणजे बाहेर गेलेला परत येत नाही असा) बदली खेळाडू देता येतो. गावच्या सेव्हन-अ-साइड स्पर्धेतही तो द्यावा. दुसरी गोष्ट क्रीडागुणांची. गोव्यात दहावी-बारावीच्या निकालात खेळाचे गुण मिळतात, आणि ते हवेतच. पण डोक्याच्या मारामुळे चुकलेला सामना खेळला असाच धरला पाहिजे, नाहीतर पोरगा गुणांसाठी तोंड उघडणार नाही.

बारा वर्षांखालच्या मुलांच्या सरावात हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, नको. इंग्लंड आणि स्कॉटलंडने २०२० पासून प्राथमिक वयासाठी ते बंद केलं आहे.

मैदानाकडेही बघायला हवं. टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला, चिकटून चिऱ्याचं कुंपण असतं, गोलमागे माडाचं खोड. रेषेपासून निदान दोन मीटर मोकळी जागा ठेवा. नसेल तर रेषा आत घ्या, मैदान लहान झालं तरी चालेल. सुटे गोलपोस्ट मागच्या पट्टीवर वाळूच्या पोत्यांनी दाबून ठेवा. मे महिन्यात जांभ्याची जमीन दगडासारखी होते, तेव्हा लहान मुलांचे सामने तिथे नकोतच. आणि पावसात शिवण उसवलेला, पाणी प्यायलेला बॉल दिसला की बाद करा. कोरडा पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. भिजलेला किती भरतो ते किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा.