अर्ज पाठवल्यानंतरचे वर्ष

अमेरिकेतील मराठी कुटुंबांत मे-जून महिन्यांत एक प्रश्न हमखास निघतो. मुलगी पदवीधर झाली आहे, डॉक्टर व्हायचे हे तिचे ठरलेले आहे, पण मेडिकल स्कूलला लगेच न जाता मध्ये एक वर्ष थांबायचे म्हणते. मग हे वर्ष वाया जाणार नाही का? भारतात बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेलेल्यांना पाहत वाढलेल्या पिढीला ही धास्ती वाटणे स्वाभाविक आहे, कारण तिकडे मध्ये पडलेले वर्ष म्हणजे बहुधा पुन्हा द्यावी लागलेली प्रवेश परीक्षा. मी इथे इंटर्नल मेडिसिनमध्ये काम करते आणि ओळखीतल्या अनेक विद्यार्थ्यांशी या विषयावर बोलत आले आहे, म्हणून माझे मत सविस्तर मांडते. हे वर्ष वाया जात नाही. मात्र ते केवळ अर्ज सजवण्यासाठी खर्च केले, तर त्यातले सर्वांत मोलाचे जे आहे तेच हातून निसटते.

आज इथल्या मेडिकल स्कूलच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष थांबून आलेले असतात. यामागे आळस नाही, प्रवेशाचे वेळापत्रक आहे. एमडी ही इथली डॉक्टरकीची पहिली पदवी; ती देणाऱ्या बहुतेक कॉलेजांसाठी लागणारा ॲमकासचा सामाईक अर्ज मेअखेरीपासून पाठवता येतो, उन्हाळाभर प्रत्येक कॉलेजचे स्वतंत्र निबंध लिहावे लागतात, मुलाखती शरद ऋतूपासून पुढच्या वसंतापर्यंत चालतात आणि वर्ग भरतात ते त्यानंतरच्या जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे खंड न पाडता जायचे असेल, तर पदवीच्या चार वर्षांपैकी तिसरे संपता संपता एमकॅट ही प्रवेश परीक्षा देऊन अर्ज तयार ठेवावा लागतो. जो विद्यार्थी पदवी हातात आल्यावर अर्ज करतो, त्याच्या वाट्याला एक वर्षाचा खंड आपोआपच येतो.

या वेळापत्रकाचा एक परिणाम पालकांच्या आणि पुष्कळदा विद्यार्थ्यांच्याही लक्षात येत नाही. अर्जात स्वतःच्या कामांच्या जास्तीत जास्त १५ नोंदी करता येतात, त्यांतल्या ३ सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांविषयी थोडे अधिक लिहायचे असते, आणि वैयक्तिक निवेदनाला ५,३०० अक्षरांची मर्यादा असते. हा अर्ज जूनमध्ये गेला, तर जुलैपासून सुरू होणारे काम त्यात केवळ ‘पुढे होणारे तास’ म्हणून दिसते. नंतरच्या निबंधांत आणि मुलाखतीत त्याविषयी सांगता येते, काही कॉलेजे मधल्या काळात माहिती कळवणारे पत्रही स्वीकारतात. पण अर्जाचा कणा तोवर ठरून गेलेला असतो. म्हणून ज्याचे एमकॅटचे गुण कमी आहेत किंवा ज्याने रुग्णांच्या सहवासात फारसा वेळ घालवलेला नाही, त्याला एक वर्ष पुरत नाही. त्याने दोन वर्षांचा विचार करावा: पहिले वर्ष काम आणि अभ्यास, त्यानंतर अर्ज, आणि दुसऱ्या वर्षात मुलाखती. अपुरा अर्ज घाईने पाठवून पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हे अधिक शहाणपणाचे आहे. कॉलेज सोडण्यापूर्वी प्राध्यापकांची शिफारसपत्रे मागून ठेवावीत, कारण वर्गातला विद्यार्थी समोर असताना लिहिलेल्या पत्रात जो तपशील येतो, तो दीड वर्षाने येत नाही.

ज्याचा अर्ज मुळात भक्कम आहे आणि वेळेवर गेला आहे, त्याच्यासाठी मात्र हे वर्ष निराळेच असते. बालवाडीपासून पदवीपर्यंत कोणी ना कोणी त्याला गुण देत आलेले असते, आणि मेडिकल स्कूल सुरू झाले की तेच पुढे कित्येक वर्षे चालणार असते. या एका वर्षात तो जे करील त्याचा बराचसा भाग कोणत्याच रकान्यात बसणार नाही. ही त्रुटी नसून संधी आहे असे मला मनापासून वाटते. आपण हे काम कोणी पाहत नसतानाही करू का, हे स्वतःला विचारून पाहायला अशी मोकळीक पुन्हा लवकर मिळत नाही.

त्यामुळे चार ठिकाणी थोडे थोडे करण्यापेक्षा एकाच ठिकाणी, शक्यतो रुग्णांच्या अगदी जवळचे, वर्षभर टिकणारे काम घ्यावे असे मी प्रत्येकाला सांगते. दवाखान्यात डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा स्क्राइब, मेडिकल असिस्टंट, रक्ताचे नमुने घेणारा फ्लेबोटोमिस्ट, रुग्णवाहिकेवरचा ईएमटी, असे अनेक पर्याय आहेत. स्क्राइबचे काम सध्या फार लोकप्रिय आहे आणि त्यात डॉक्टर विचार कसा करतात हे जवळून ऐकायला मिळते. तरीही माझी पसंती नर्सिंग असिस्टंटच्या, म्हणजे सीएनएच्या कामाला आहे. त्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने ७५ तासांची किमान अट घातली आहे, काही राज्ये याहून अधिक तास मागतात, आणि त्यानंतर परीक्षा द्यावी लागते. पगार कमी असतो, पाठ दुखते, रात्रपाळ्या कराव्या लागतात. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दाबव्रण होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कुशीवर वळवणे, त्याला भरवणे, अंघोळ घालणे, लघवीचे प्रमाण मोजून लिहिणे, घंटी वाजली की जाणे, हे ज्याने वर्षभर केले, त्याला आजारपण म्हणजे काय हे जसे कळते तसे पुस्तकातून कळत नाही. मी राऊंडला रुग्णाच्या खोलीत काही मिनिटे असते. असिस्टंट त्याच्यासोबत दिवसभर असतो. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज दुपारपासून गोंधळल्यासारख्या वागत आहेत, हे बहुतेक वेळा सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येते, आणि त्या एका निरीक्षणावरून संसर्ग किंवा औषधाचा दुष्परिणाम वेळेत सापडू शकतो. पुढे डॉक्टर झाल्यावर अशा माणसाचे म्हणणे थांबून ऐकण्याची सवय ज्याला लागलेली असते, त्याच्या हातून चुका कमी होतात, असे माझे ठाम मत आहे.

संशोधनाची खरी ओढ असेल तर प्रयोगशाळेतली नोकरी उत्तम. मात्र अशा बऱ्याच ठिकाणी दोन वर्षांची अपेक्षा असते आणि एका वर्षात शोधनिबंध छापून येईलच असे नाही. ओढ नसताना केवळ नावासाठी तिकडे जाऊ नये.

आपल्या कुटुंबांत आढळणाऱ्या एका प्रथेविषयी थोडे स्पष्ट लिहिते. भारतात मामाचे किंवा काकांचे हॉस्पिटल असते, तिथे मुलांना महिनाभर पाठवले जाते आणि कौतुकापोटी त्यांना टाके घालू देणे, इंजेक्शन देऊ देणे, प्रसूतीच्या वेळी हात लावू देणे असे प्रकार होतात. इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, २०११ मध्येच परदेशातील अशा अनुभवांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या असून, प्रशिक्षण नसलेल्या विद्यार्थ्याने रुग्णावर उपचार करू नयेत असा त्यांचा रोख आहे. अर्जात अभिमानाने लिहिलेली अशी गोष्ट वाचणाऱ्याला खटकते. त्याहून महत्त्वाचे हे की, टेबलावरच्या त्या बाईने एका विद्यार्थ्याच्या सरावासाठी संमती दिलेली नसते. तिकडे जरूर जावे, बाजूला उभे राहून पाहावे, रुग्णांशी मराठीत बोलावे. हातात सुई घेऊ नये.

पैशांचा आणि व्हिसाचा विचार आधीच करावा. मुले वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत पालकांच्या आरोग्यविम्यात राहू शकतात. पदवीसाठी केंद्र सरकारचे कर्ज घेतले असेल, तर साधारणपणे सहा महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात, त्यामुळे वर्षभराच्या खंडात त्याची तजवीज लागते. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना केंद्राचे कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण २,००,००० डॉलर एवढेच मिळणार असल्याने या वर्षातली थोडी बचतही कामाची आहे. एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांची अडचण अधिक बिकट आहे. २१ वर्षे पूर्ण झाली की तो दर्जा संपतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात, त्यात काम पदवीच्या विषयाशी निगडित असावे लागते आणि ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. आणि अनेक मेडिकल कॉलेजे नागरिक व ग्रीनकार्डधारक यांच्याखेरीज इतरांना घेतच नाहीत. अशा मुलांनी ‘बघू पुढे’ म्हणून थांबू नये, पदवीच्या तिसऱ्या वर्षातच इमिग्रेशन वकिलाशी बोलावे.

शेवटी पालकांशी थोडे. मुलाखतीचे पत्र आले का, हे रोज विचारू नका. कामावर काय पाहिले, काय अवघड गेले, हे विचारा. रुग्णाचे नाव न घेताही त्यावर पुष्कळ बोलता येते. आणि वर्षभर रुग्णांजवळ काम केल्यावर एखादीने सांगितले की मला डॉक्टर व्हायचे नाही, मला सार्वजनिक आरोग्यात काम करायचे आहे, किंवा नर्स व्हायचे आहे, तर तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या. मेडिकल स्कूलची चार वर्षे, त्यापुढे किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले प्रशिक्षण, आणि डोक्यावर मोठे कर्ज, एवढे सगळे होण्याआधी ती हे ओळखू शकली. महाराष्ट्र मंडळात कोणी विचारले, तर तिचे मेडिकल राहून गेले असे सांगू नका. तिने काय निवडले ते सांगा.