तारीख विचारा हो कुणीतरी

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक चकचकीत फॉरवर्ड आला. तिरंगी पट्टी, हसरा उद्योजक आणि खाली मजकूर: प्रत्येक सरकारी रुपयावर संसदेचा पहारा, लघुउद्योगाच्या पाठीशी सरकार. त्यावर एकवीस अंगठे. चहा कडूजहर लागला.

पाठीशी म्हणजे नक्की किती लांब, ते पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका गाळ्यात जाऊन बघा. दोन लेथ, एक सेकंडहँड व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), चार माणसं. मालकाने एका मोठ्या कंपनीला ईएन-8 स्टीलचे 2,000 बुश (यंत्रात बसणारी पोकळ नळकांडी) करून दिले, नगाला 200 रुपये. बिल 4,00,000, त्यावर 18 टक्क्यांनी जीएसटी 72,000. एकूण 4,72,000. चौदा महिने झाले, एक रुपया आलेला नाही. कर मात्र, स्टील घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट वजा जाता जो उरला तो, पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला त्याने भरला. सरकारला कराची तारीख पाठ आहे. त्याचे पैसे यायची तारीख कुणालाच पाठ नाही.

आणि कायदा नाही असं म्हणायचीही सोय नाही. 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा वाचा. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत पैसे, करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. खरेदीच्या ऑर्डरवर (पीओवर) ‘पेमेंट 90 दिवस’ छापलं असलं तरी कायद्यापुढे ते चालत नाही. मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर 6 टक्के धरा, म्हणजे 18 टक्के. या गाळेवाल्याच्या रकमेवर वर्षाचं व्याज 92,000 च्या वर जातं. कागदावर श्रीमंत आहे बिचारा.

पाचव्या महिन्यात त्या कंपनीच्या स्टोअरमधून फोन: ‘लॉटमध्ये बोअर ओव्हल निघालेत.’ म्हणजे बुशची भोकं गोल नाहीत. हे जुनंच औषध. कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. फोन म्हणजे लेखी हरकत नव्हे. पण त्यासाठी माल पोचल्याची तारीख सिद्ध करावी लागते, आणि इथेच लहान माणूस मार खातो. डिलिव्हरी चलनावर ‘माल मिळाला, तपासणी बाकी’ असा शिक्का, त्यावर एक झुरळासारखी सही, तारीख नाही. गेटवरचा इनवर्ड नंबर, म्हणजे माल आत आल्याचा नोंद क्रमांक, कुणी पेनाने टाकला होता, त्यावर ऑइलचा अंगठा. वाचला तो केवळ मालवाहतुकीच्या ऑनलाइन ई-वे बिलामुळे आणि गेटच्या रजिस्टरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवणाऱ्या टेम्पोवाल्यामुळे. (गाळेवाल्यांनो, चलन सहीला देताना तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. लघुउद्योग म्हणून सरकारकडे करायची उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी, मागाहून काढलेली जुन्या बिलांना लावायला गेलात की वाद सुरू.)

मग थकलेल्या पैशांच्या तक्रारीसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज. 2017 मध्ये सुरू झालं ते. तिथून प्रकरण याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे, आधी तडजोड, ती फसली की लवाद. 90 दिवसांत निकाल द्यायचा, असं कायदाच म्हणतो. याच्या अर्जाला सात महिने झालेत आणि आत्ता कुठे दुसरी तारीख लागली. मान्य, परिषदेत माणसं तीन ते पाच, आणि त्यांना दुसरी कामंही असतात. पण मग 90 चा आकडा कशाला लिहिला? 900 लिहायचा होता.

आता त्या पहाऱ्याकडे येऊ. सरकारी खर्च तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीत 22 खासदार, लोकसभेचे 15, राज्यसभेचे 7. मंत्री तिथे सदस्य होऊ शकत नाही आणि 1967 पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. रचना उत्तमच आहे. 2024 मध्ये या समितीने कायद्याने स्थापन झालेल्या नियामक संस्थांच्या कामगिरीचा आढावा घ्यायचं ठरवलं, तेव्हा खरं सांगतो, आनंद झाला होता. पहारेकऱ्यालाही कुणी तरी विचारणार! पुढे काय झालं? 24 ऑक्टोबरला शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्षा येऊ शकल्या नाहीत, बैठक पुढे ढकलली, आणि टीव्हीवर कोण आलं, कोण नाही, कुणी कुणाचा अपमान केला, एवढंच चघळलं गेलं. अडचण खरीही असेल, तो वाद मला घालायचा नाही. पण त्या दिवशी विचारायचे प्रश्न काय होते, हे एका तरी चॅनेलने सांगितलं का?

सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगचीही तीच गत. संविधानाच्या 151 व्या अनुच्छेदाने राज्याचा अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळापुढे जातो. त्याआधी आक्षेप, मग निरीक्षण अहवाल, मग मसुदा परिच्छेद, त्यावर खात्याचं उत्तर. एवढ्या चाळणीतून आलेला कागद आपल्याकडे बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवतात. आमदारांच्या बॅगा भरलेल्या, पत्रकारांना संध्याकाळची डेडलाईन. दिल्लीत अहवाल मांडल्यापासून चार महिन्यांत खात्यांनी कार्यवाहीची टिपणं द्यायची असतात आणि समितीच्या शिफारशींवर सहा महिन्यांत उत्तर. समितीला सगळे परिच्छेद घेणं जमत नाही, मोजके निवडते. त्यांची पाळी येईपर्यंत सही करणारा अधिकारी निवृत्त, सचिव बदललेला, आणि नवा सचिव नम्रपणे म्हणतो, ‘माहिती घेऊन कळवतो.’ ऑडिट म्हणजे शवविच्छेदन, उशीर होणारच, असं कुणी म्हणेल. ठीक. पण शवविच्छेदनाच्या अहवालावरही मृत्यूची वेळ लिहितात ना?

माझा राग समितीने माणसं बोलावण्यावर मुळीच नाही, जरूर बोलवा. पण कागद बोलवा आधी. या गाळेवाल्याची थकबाकी सरकारदरबारी किती ठिकाणी नोंदलेली असायला हवी बघा. एक, सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांपेक्षा जास्त थकवणाऱ्या कंपनीने एमएसएमई-1 हा फॉर्म वर्षातून दोनदा भरायचा, 30 एप्रिल आणि 31 ऑक्टोबरपर्यंत, रक्कम आणि उशिराच्या कारणासकट. तो कंपनी व्यवहार खात्याकडे. दोन, बिलाचे पैसे 180 दिवसांत दिले नाहीत तर खरेदीदाराला त्यावर घेतलेलं जीएसटी क्रेडिट उलटवावं, म्हणजे परत करावं लागतं. ते जीएसटी खात्याकडे. तीन, समाधानवरचा अर्ज, एमएसएमई मंत्रालयाकडे. शिवाय एप्रिल 2024 पासून आयकरात 43बी(एच) हे कलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. या कलमाने चार पुरवठादारांचे पैसे मार्चअखेर सुटलेही, ते कबूल करतो. पण काही खरेदीदारांनी ‘उद्यम रद्द करा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला’ असंही सुनावल्याचं त्याच सुमारास कानावर आलं. औषध रोग्यालाच बाधलं.

तीन खाती, तीन कागद, एकच कंपनी. त्या कंपनीने फॉर्ममध्ये थकबाकी शून्य दाखवली आणि समाधानवर तिच्याविरुद्ध अर्ज पडून आहे, हे शोधायला एका कारकुनाला एक्सेलमध्ये अर्धा दिवस लागेल. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीने एवढंच मागावं: या तीन याद्या शेजारी ठेवा, आणि प्रत्येक परिषदेकडे अर्ज आल्याची व निकालाची तारीख, दोन रकाने. भाषण नको.

अनुदानांचं तर विचारूच नका. आपल्या राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे, जाहिरातीत मंजूर रकमेचा आकडा असतो, खात्यात जमा झाल्याचा दिवस नसतो. त्यावर वेगळं लिहीन.

मघाशी चिडून ‘बिचारा’ लिहिलं, ते त्याला आवडणार नाही. काल तो म्हणाला, ‘केस करताना हात थरथरला. माझं अर्धं काम अजून त्यांच्याकडूनच येतं.’ परिषदेने निकाल त्याच्या बाजूने दिला तरी, कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचं असेल तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. सांगितल्यावर पहिल्यांदा हसला.

पुढची तारीख मंगळवारी आहे. चलन, गेट रजिस्टरचा फोटो, ई-वे बिल आणि खातेउताऱ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढून ठेव म्हटलंय. ऑइलचा अंगठा झेरॉक्समध्ये काळा ठिपका दिसतो, म्हणून मूळ चलनही बरोबर न्यायला सांगितलंय, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.