ईजीआरची नळी बंद करू नका : माझ्याच जुन्या पोस्टचा खुलासा

‘जुन्या पेट्रोल पिकअपचं आयडलिंग थरथरत असेल तर ईजीआर व्हॉल्व्हची (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारी झडप) व्हॅक्यूम नळी काढून बूच मारा आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूने आरपीएम वाढवा,’ असं मी मागे लिहिलं होतं. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट अजून फिरतोय. ते चूक होतं.

माझी गाडी म्हणजे कार्ब्युरेटरवाली फोर्ड एफ-१५०, ४.९ लिटर, सहा सिलिंडर. ईजीआर जळलेल्या वायूचा थोडा भाग परत सिलिंडरात सोडतो; त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. पण आयडलिंगला हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा. मग नळी काढून काय सुधारणार? माझं इंजिन उलट चढावर ठोकायला लागलं. शेवटी व्हॉल्व्ह उघडला, तर आत कार्बन साचलेला. तो पूर्ण मिटतच नव्हता. खरवडून साफ केला, नवं गॅस्केट टाकलं, थरथर गेली. (दोन शनिवार स्क्रू पिळण्यात घालवले होते, ते वेगळंच.)

स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. आधी तडकलेल्या व्हॅक्यूम नळ्या बघा, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात ओढणारी झडप) हलवून खुळखुळतो का बघा, ठिणगीचं टायमिंग तपासा. मग स्क्रू फिरवताना इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण उघडलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि आरपीएमचा आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवरचा. शिवाय प्रदूषण नियंत्रणाचे भाग निकामी करायला अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे.

तो स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.