‘पन्नाशीत दात कुणाला दाखवायचेत?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

अलाइनरवरच्या, म्हणजे दात सरळ करणाऱ्या, काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या ट्रेवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: “तारांशिवाय दात सरळ होत नाहीत. काढघाल करायचं प्लास्टिक म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. आणि पन्नाशीत दात सरळ करून कुणाला दाखवायचेत? माझ्या भाचीने ऑनलाइन मागवले, तिला नीट चावता येईना झालं. कंपनीने पैसे दिले असतील तर तसं लिहा.”

उत्तर द्यावं की सोडून द्यावं, असं मनात चाललं होतं. देते आहे ते मुख्यतः तिसऱ्या वाक्यासाठी.

हा प्रश्न मला पहिल्यांदा ऐकावा लागलेला नाही. नातेवाइकांनी विचारला, ऑफिसात विचारला गेला, लोकलमध्ये रोजच्या डब्यातल्या मैत्रिणींनीही विचारला. पन्नाशीत गुडघ्याचं ऑपरेशन केलं तर कुणी ‘आता कशाला’ म्हणत नाही. मोतीबिंदू काढला तरी म्हणत नाही. दातांचं नाव काढलं, आणि तेही बाईने, की लगेच ‘कुणाला दाखवायचेत’. आपण मला ओळखत नाही, मी आपल्याला ओळखत नाही. तरी आपण माझं वय काढलंत आणि माझा हेतूही ठरवून टाकलात. मतभेद असा मांडत नाहीत.

विचारलंच आहे तर सांगते. मी लालबागच्या चाळीत वाढले. वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात पगार थांबला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि पुढचे पक्के दात नुकतेच येत होते. खालचे एकमेकांवर चढले, पुढे वरचे सुळेही बाहेर आले. तारा लावायचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही, निघण्यासारखी परिस्थितीच नव्हती. नंतर नोकरी लागली, भावाचं शिक्षण, लग्न, मुलं. दाखवण्याचा भाग बाजूला ठेवा. त्या चढलेल्या दातांच्या फटीत ब्रश पोचायचा नाही. पालेभाजी अडकायची, हिरड्यांतून रक्त यायचं, डेंटिस्ट किटण काढून द्यायच्या आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. शेवटी त्यांनीच मला ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवलं. ज्या वयात परवडलं नाही त्या वयात केलं नाही, परवडलं तेव्हा केलं. यात लाजण्यासारखं काय आहे, ते तुम्ही सांगा.

आणि वय झालं की दात हलत नाहीत, हा समज आता तरी सोडा. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचं पातळ आवरण असतं. हलका पण सतत दाब दिला की दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड झिजतं आणि मागच्या बाजूला नवं भरतं. हे पंधराव्या वर्षी होतं तसं पन्नाशीतही होतं. मोठ्या वयात वेळ जास्त लागू शकतो आणि हिरड्या आधी निरोगी करून घ्याव्या लागतात. माझ्या तशा करून घेतल्या होत्या. दाब तारेचा आहे की ट्रेचा, हे हाडाला कळत नाही. प्रत्येक ट्रे आधीच्यापेक्षा किंचित वेगळा असतो, दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवणारा. आठवड्या-दोन आठवड्यांनी तो बदलायचा आणि दिवसाचे २० ते २२ तास तोंडात ठेवायचा. दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात, ट्रे त्यांना पकडून दात फिरवतो. हे सगळं लेखात होतं. ते वाचल्यावर कुणी ‘काढघाल करायचं प्लास्टिक’ एवढंच लिहील, असं मला वाटत नाही. म्हणजे तुम्ही लेख पुरता वाचलेला नाही.

ऑफिसात चहा आला की ट्रे काढायचा, कारण गरम चहाने तो वाकतो आणि डागही पडतात. कप झटपट रिकामा करायचा, चूळ भरायची, ट्रे परत चढवायचा. घोट घोट चहा घेत गप्पा मारणं मी त्या काळात बंद केलं. स्टेशनबाहेरचा वडापाव बंद केला. याला चोचले म्हणणाऱ्याने एक आठवडा तसं राहून पाहावं.

एक मात्र मान्य करते. सुळा किंवा उपदाढ जास्त फिरलेली असेल, किंवा दात हिरडीतून ओढून बाहेर आणायचा असेल, तर ट्रेला ते जड जातं आणि तारा सरस ठरतात. मी ते एका ओळीत लिहिलं होतं, थोडं सविस्तर लिहायला हरकत नव्हती.

खर्चाचं म्हणाल तर अलाइनर महाग आहेत, मी नाही कधी म्हटलं? मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे खासगीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत तारा लागतात. आणि कंपनीचे पैसे: मला कुणी एक रुपया दिलेला नाही, सगळा खर्च माझ्या पगारातून झाला. स्वतःचं नाव न लावता दुसऱ्याच्या नावावर असला आरोप टाकणं मला सभ्यपणाचं वाटत नाही.

भाचीचं वाचून वाईट वाटलं. पण तिचं उदाहरण माझ्या लेखाविरुद्ध जात नाही. घरी स्वतःच ठसा घ्यायचा, एक्स-रे नाही, हिरड्या कुणी पाहिलेल्या नाहीत आणि ट्रे कुरियरने दारात, या पद्धतीला माझा विरोधच आहे. अमेरिकेत घरपोच ट्रे पाठवणारी स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा कितीतरी लोकांचे उपचार अर्धवट राहिले. भाचीला एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे न्या आणि एक्स-रे काढून घ्या. जाताना तिचे जुने ट्रे सगळे सोबत द्या, दात कुठवर सरकवले ते पाहायला डॉक्टरांना उपयोगी पडतील. कदाचित ते तारा लावायला सांगतील. सांगितलं तर लावू द्या.